ठसा आणि तराजू

तब्रीझच्या टांकसाळीत ठसे कोरणारा एक म्हातारा उस्ताद होता आणि त्याच्या हाताखाली एक शागीर्द. हे दोघे आणि पुढे येणारा एक रोटीवाला, एवढे या गोष्टीपुरते घेतलेले आहेत. खान, वजीर, नाणी आणि ओस पडलेला बाजार हे सगळं मात्र इतिहासात घडून गेलेलं आहे.

काळ तेराव्या शतकाच्या अखेरचा. चंगीझ खानाचा नातू हुलागू याने १२५८ मध्ये बगदाद घेतलं, खलिफाला ठार केलं आणि इराण, इराक, काकेशसपर्यंतचा मुलूख आपल्या घराण्याच्या ताब्यात आणला. हे घराणं इल्खान म्हणून ओळखलं जातं. तब्रीझ ही त्यांची सर्वांत मोठी पेठ. चीनचं रेशीम, हिंदुस्थानचे मसाले आणि इटलीचे व्यापारी तिथे एकाच बाजारात भेटत, आणि त्या सगळ्यांचा व्यवहार शेवटी चांदीवर येऊन थांबे.

शागिर्दाचा हात फार सुंदर होता. ठशावर अक्षरं उलटी कोरावी लागतात, म्हणजे हातोड्याचा घाव बसल्यावर ती चांदीवर सुलटी उमटतात. भल्याभल्यांना वर्षानुवर्षं जमत नाही ते या पोराला सहज जमे. अरबी अक्षरांचे देठ तो असे लवचीक काढी, की टांकसाळीतले जुने लोकही काम थांबवून बघायला येत. साहजिकच त्याची समजूत झाली होती, की नाण्याला किंमत येते ती ठशामुळे. ठसा नसेल तर चांदीची नुसती चकती. ठसा पडला, खानाचं नाव आलं, की नाणं.

उस्तादाने एके दिवशी आपली कातडी थैली उलटी केली. आयुष्यभर त्याने प्रत्येक राजवटीचं एकेक नाणं बाजूला ठेवलं होतं.

पहिल्या नाण्यावर एक घोडेस्वार होता. घोडा पुढे धावतोय, स्वार मात्र मागे वळून बाण सोडतोय. मंगोल सैन्याने अर्धं जग ज्या युक्तीने जिंकलं ती युक्ती त्या अंगठ्याएवढ्या चांदीवर कोरलेली. शागिर्दाने नाणं उजेडात धरलं. "पण उस्ताद, यावर खानाचं नावच नाही."

"कारण तेव्हा खानच नव्हता, बेटा. ओगेदेई खान मेला आणि नवा खान निवडला जाईपर्यंत त्याची विधवा तोरेगेने खातून राज्य चालवत होती. मग नाव कोणाचं घालायचं? म्हणून नुसतं लिहिलं, थोर मंगोल राज्याचा अधिपती. काकेशसकडच्या टांकसाळींनी १२४४-४५ च्या सुमारास हे पाडलं. गादी रिकामी होती, पण बाजार रिकामा ठेवता येत नाही."

दुसरं हुलागूचं. त्यावर कुराणातलं वचन होतं, राज्य देणारा आणि राज्य काढून घेणारा ईश्वरच, अशा अर्थाचं. खलिफाला मारणारा राजा स्वतः मुसलमान नव्हता. पण ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांना त्यांच्याच ग्रंथाच्या भाषेत तो सांगत होता, की हे राज्य आता माझ्याकडे आलं आहे. तिसरं त्याचा मुलगा अबाका याचं. एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला उभ्या ओळींची उइगुर लिपी आणि मंगोल भाषा. मजकूर असा, की थोरल्या खानाच्या नावाने हे अबाकाने पाडवलं. थोरला खान म्हणजे दूर चीनमध्ये बसलेला कुब्लाई. इराणचा राजा आपल्या नाण्यावर आधी चुलत्याला मान देत होता. चौथं तिफ्लिसचं. त्यावर क्रूस होता आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचं नाव, तेही अरबी अक्षरांत, कारण जॉर्जियाची प्रजा ख्रिस्ती होती. पाचव्यावर ससाणा आणि सूर्य. मंगोल सरदारांचा शिकारी ससाणा इराणच्या जुन्या सूर्याशेजारी येऊन बसला होता.

शागीर्द हरखून गेला. मलाही ही नाणी पाहताना तसंच होतं. मूठभर घोडेस्वारांनी शेतकरी, व्यापारी, मुल्ला, पाद्री आणि भिक्षू यांच्यावर राज्य करायचं म्हटलं, तर प्रत्येकाशी त्याच्या लिपीत बोलावं लागतं, हे त्यांना किती लवकर उमगलं होतं! तलवारीने मिळवलेला मुलूख त्यांनी या अक्षरांनी बांधून घेतला. इतक्या भाषा आणि इतके धर्म एकाच राजघराण्याच्या नाण्यांवर इतक्या सहज नांदलेले फार थोड्या ठिकाणी सापडतात.

"यातला सर्वांत चांगला ठसा कोणाचा?" उस्तादाने विचारलं. शागिर्दाने तिरंदाजावर बोट ठेवलं.

उस्तादाने तराजू पुढे ओढला. एकेक नाणं पारड्यात पडू लागलं. कोणतंही एक दुसऱ्याच्या बरोबरीने उतरेना. मग त्याने कसोटीचा काळा दगड काढला आणि प्रत्येक नाण्याची रेघ ओढून दाखवली. एकाची रेघ पांढरीशुभ्र, एकाची लालसर. चांदीत तांबं होतं.

"ठसा आपण कोरतो," उस्ताद म्हणाला, "पण सराफ आधी हे वाचतो."

शागीर्द हो म्हणाला. मनातून मात्र त्याला ते पटलं नव्हतं.

१२९१ मध्ये गैखातू गादीवर आला. स्वभावाने तो दिलदार होता, पण दिलदारपणाला तळ नव्हता. जो मागेल त्याला तो देई आणि न मागणाऱ्यालाही देई. त्यातच गुरांवर रोग आला, भटक्या मंगोलांचे कळप मेले आणि खजिन्यात खडखडाट झाला. गैखातूचा वजीर होता सद्रुद्दीन झंजानी. या वजिराला एक तोड सुचली. चीनमध्ये कुब्लाई खानाच्या राज्यात लोक कागदाने व्यवहार करतात, सोनंचांदी सगळी सरकारजमा होते. आपणही तेच का करू नये? कुब्लाईचा वकील बोलाद तेव्हा दरबारात होता. खानाने त्याला विचारलं, आणि त्याने चीनमधली पद्धत समजावून सांगितली.

चीनमधली पद्धत खरी होती. कुब्लाईने १२६० मध्ये कागदी चलन काढलं ते तुतीच्या सालीच्या कागदावर, लाल मोहरा उठवून. पण सुरुवातीच्या त्या वर्षांत कागदामागे चांदीचा साठा ठेवलेला होता. कागद आणा, चांदी न्या, असं सरकार म्हणू शकत होतं. करही त्याच कागदात स्वीकारला जाई. शिवाय चीनच्या लोकांना कागदी पैशाची सवय काही पिढ्यांची होती. मंगोल येण्याआधीच तिथे तो चालत होता. पुढे जेव्हा साठा हलवला गेला आणि लढायांच्या खर्चासाठी कागद वाटेल तितका छापला गेला, तेव्हा तिथेही भाव चढले आणि १२८७ मध्ये एका नव्या नोटेला पाच जुन्या, असा हिशेब करावा लागला. दोष कागदाच्या माथी मारणं सोपं असतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो आहे. कागद बिचारा दोन्ही वेळा तोच होता.

सद्रुद्दीनने कागद तेवढा उचलला. चांदीचा साठा उचलणं त्याच्या हातात नव्हतं, कारण चांदी संपली म्हणून तर कागद हवा होता. शिकतूर नोयान नावाच्या जुन्या सरदाराने खानाला बजावलं, की याने राज्य बुडेल. वजीर म्हणाला, शिकतूरला सोन्याचा लोभ आहे, म्हणून तो कागदाला नावं ठेवतो. खानाला वजिराचं म्हणणं पटलं.

गावोगावी चाओखाने उघडले. चाओ हे त्या चिनी नोटांचंच नाव. कोरणाऱ्यांची गरज पडली आणि शागिर्दाला बोलावणं आलं. तो आनंदाने गेला. आयुष्यात एवढं मोठं काम त्याला मिळालं नव्हतं. लांबट चौकोनी कागद, कडेने चिनी अक्षरं, वर मुसलमानी कलमा, खाली खानाचं तिबेटी लामांनी दिलेलं नाव इरिंजिन दोर्जे, मध्ये वर्तुळ आणि त्यात रक्कम. अर्ध्या दिरहमपासून दहा दिनारांपर्यंत. शेवटी ताकीद होती, की जो याची नक्कल करील त्याला बायकामुलांसकट मारलं जाईल. तीन देशांच्या खुणा एका कागदावर! शागिर्दाने लाकडी ठोकळ्यावर अशी कोरणी केली, की संध्याकाळी उस्तादापुढे पहिला कागद ठेवताना त्याचा हात थरथरत होता.

उस्तादाने कागद बराच वेळ पाहिला. "काम उत्तम आहे," तो मनापासून म्हणाला. "हा परत केला तर खजिन्यातून काय मिळेल?"

"फाटला तर नवा मिळेल, उस्ताद. दहाला नऊ."

"चांदी?"

"परदेशी जाणाऱ्या व्यापाऱ्याला सोनं देणार म्हणतात. आपल्याला नाही."

उस्तादाने कागद घडी न घालता परत दिला.

सप्टेंबर १२९४ मध्ये तब्रीझमध्ये चाओ चलनात आला. हुकूम झाला, की जो घेणार नाही त्याला मृत्युदंड. पहिले काही दिवस लोकांनी तलवारीच्या धाकाने तो घेतला, आणि घेतला की लगेच कशात तरी घालवला. मग दुकानदारांनी माल मांडणंच बंद केलं. विकायलाच काही नाही म्हटल्यावर नकार दिल्याचा गुन्हाही लागत नाही. सराया रिकाम्या झाल्या, तांडे तब्रीझला वळसा घालून जाऊ लागले, लोक शहर सोडून निघाले. रोटी मिळेना. गैखातू एकदा बाजारातून जात होता. दुकानं ओस पाहून त्याने कारण विचारलं. वजिराने उत्तर दिलं, की शहरातला एक मोठा माणूस वारला आहे आणि अशा वेळी बाजार बंद ठेवायची इथली रीत आहे. इल्खानांचा इतिहासकार रशीदुद्दीन याने ही हकीकत लिहून ठेवली आहे. ज्या राज्यात राजाला रिकामा बाजारसुद्धा खरा सांगितला जात नाही, त्या राज्याचा कागद लोकांनी कशाच्या भरवशावर घ्यावा?

शागिर्दाला मजुरी चाओमध्येच मिळाली होती, तीही भरघोस. तीन रात्री घरात अन्न नव्हतं. चौथ्या रात्री तो उस्तादाला घेऊन ओळखीच्या रोटीवाल्याच्या मागच्या दाराशी गेला. कोळशाची ऊब दाराच्या फटीतून येत होती. म्हणजे आत भट्टी चालू होती.

शागिर्दाने दहा दिनारांचा चाओ पुढे केला. शहरातला सर्वांत मोठा कागद, स्वतःच्या हाताने कोरलेला. रोटीवाल्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "माल नाही, भाऊ. तुम्ही पाहताच आहात."

उस्तादाने थैलीत हात घातला आणि हाताला लागलं ते नाणं काढलं. तिरंदाजाचं होतं. शागीर्द कळवळला, "उस्ताद, ते नको!" पण म्हाताऱ्याने ते रोटीवाल्याच्या तळहातावर ठेवलं होतं. रोटीवाल्याने दार लावून घेतलं, दिव्याजवळ जाऊन ते दाताखाली दाबलं, बोटाने उडवून त्याचा आवाज ऐकला आणि छोट्या तराजूत टाकलं. तिरंदाजाकडे त्याने एकदाही नजर टाकली नाही. मग फडक्यात बांधून भरपूर रोट्या आणि वर पनीर दिलं. चांदीत व्यवहार करताना सापडला असता तर त्याचं डोकं उडालं असतं. तेवढा धोका त्याने त्या जुन्या, झिजलेल्या चांदीसाठी पत्करला.

घरी येऊन दोघं जेवले. शागिर्दाचा घास घशात अडकत होता.

"ती खातून जाऊन पन्नास वर्षं झाली," तो म्हणाला. "तिच्या नाण्यावर नावसुद्धा नाही. माझ्या कागदावर जिवंत खानाचं नाव आहे, कलमा आहे, मरणाची शिक्षा आहे. तरी त्याने ते घेतलं आणि हा घेतला नाही."

उस्ताद म्हणाला, "नाव म्हणजे वचन, बेटा. या चकतीत इतकी चांदी आहे, असं राजा माझ्या-तुझ्या कोरणीतून सांगतो. चांदी भरली की वचन पाळलं गेलं. मग राजा मेला तरी नाणं चालतं. तुझ्या कागदावर वचन आहे, पण ते पाळायला मागे काहीच ठेवलेलं नाही, हे त्या रोटीवाल्याला कळलं. शिक्षेची भीती घालून माणसाकडून वस्तू काढून घेता येते. त्याचा विश्वास नाही काढून घेता येत. तो त्याने स्वतःहून द्यायचा असतो, आणि आपण दिलेला शब्द रोज पाळला तरच तो देतो. राजाला हा नियम आहे, तसाच तुला-मलाही आहे."

शागीर्द त्या रात्री झोपला नाही. सकाळी तो चाओखान्यात गेला नाही.

शहरही आता गप्प बसणारं नव्हतं. शुक्रवारी मशिदीत लोकांनी उघड आक्रोश केला. एका दरवेशाने वजिराच्या घोड्याचा लगाम धरला आणि भर रस्त्यात त्याला सुनावलं, की होरपळलेल्या काळजांचा वास सगळीकडे पसरलाय, तुला कसा येत नाही? आधी खाण्यापिण्याच्या वस्तू सोन्यात विकायला परवानगी मिळाली, मग चाओ पूर्णच रद्द झाला. सगळा प्रकार जेमतेम दोन महिन्यांचा. वजिराला लोकांनी चाओवरून टोपणनाव दिलं आणि ते त्याला चिकटलं. पुढल्याच वर्षी बंडखोर सरदारांनी गैखातूला मारलं.

याच सुमारास घडलेली आणखी एक गोष्ट शागिर्दाच्या कानावर आली. गैखातूचा पुतण्या गाझान तेव्हा खोरासानचा कारभारी होता. चाओच्या कागदांची ओझी घेऊन सरकारी माणसं त्याच्याकडे निघाली होती. गाझान म्हणाला, माझंदरानच्या दमट हवेत लोखंडी हत्यारंसुद्धा टिकत नाहीत, तिथे कागद काय टिकणार? आणि त्याने ती सगळी ओझी जाळून टाकायला लावली. शागिर्दाने स्वतः कोरलेल्या ठोकळ्यांचे छापही त्यात असतील. त्याला वाईट वाटलं नाही.

१२९५ मध्ये हाच गाझान इल्खान झाला. त्याने इस्लाम स्वीकारला आणि पुढे काही वर्षांनी रशीदुद्दीनला वजीर केलं. तो गादीवर आल्यानंतर एक-दीड वर्षाने टांकसाळीला नवा हुकूम आला. नाण्यावर आता थोरल्या खानाचं नाव असणार नव्हतं. चीनमध्ये कुब्लाई वारला होता आणि इराणचा राजा स्वतःच्या पायावर उभा राहत होता. अरबीत कलमा, उइगुर लिपीत आकाशाच्या सामर्थ्याने गाझानने हे पाडवलं असा मजकूर, आणि कडेला कुब्लाईच्या दरबारात तयार झालेल्या फाग्स-पा लिपीतली काही अक्षरं. खोटं नाणं करणाऱ्याला नक्कल करायला अवघड जावी, हाही त्यामागचा हेतू होता.

हुकूम घेऊन आलेला कारकून शागिर्दापुढे मजकूर ठेवू लागला, तर शागीर्द म्हणाला, "अक्षरं नंतर. वजन काय ठरलंय? कस काय ठरलाय?"

कारकुनाला उत्तर देता आलं, कारण या वेळी ते आधी ठरलेलं होतं. दिरहम सव्वादोन ग्रॅमच्या किंचित आत. असे सहा दिरहम म्हणजे एक चांदीचा दिनार, सुमारे तेरा ग्रॅम. राज्यभर एकच वजन आणि शुद्ध चांदी. याआधी रूमचं, म्हणजे अनातोलियाचं, नाणं वेगळं, फार्सचं वेगळं, जॉर्जियाचं वेगळं; वजन निराळं, हीण निराळं, आणि त्या फरकात रयत नागवली जाई. गाझानने बाजारातली मापंही तब्रीझच्या मापाशी जुळवून घ्यायला लावली आणि त्यासाठी लोखंडाची अष्टकोनी वजनं करवली. शागिर्दाने त्या लोखंडी वजनांशी ताडून पाहिल्यावरच ठशाला हात लावला. हे नाणं घ्यायला कोणाला धाक घालावा लागला नाही.

गाझान १३०४ मध्ये वारला. त्याचा भाऊ उलजायतू याने शिया पंथ स्वीकारला आणि नाण्यांवर बारा इमामांची नावं कोरवली. गाझानचा पुतण्या अबू सईद याच्या काळात तर ही कला शिगेला पोचली. महिरपीच्या आकाराची चौकट, चौकोनी कूफी अक्षरांची जाळी, जागेचा एकही कण वाया न गेलेला. पण वजन टप्प्याटप्प्याने उतरत होतं. शागीर्द आता स्वतः उस्ताद झाला होता. हाताखालच्या पोरांना तो नवा ठसा दाखवी, आणि लगेच जुनं गाझानी नाणं शेजारच्या पारड्यात टाकून दाखवी. पोरं पुढे वाकून पाहत. १३३५ मध्ये अबू सईद वारसाविना मेला, राज्याचे तुकडे झाले, आणि पुढच्या काही वर्षांत ज्याला जमेल त्याने आपल्या नावाने हलकी नाणी पाडली.

तब्रीझचा हा धडा आपल्या मुलखापर्यंत वेळेवर पोचला नाही. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये आपल्या देवगिरीला दौलताबाद करून राजधानी तिथे हलवली, आणि दोन-तीन वर्षांनी चांदीच्या टंक्याच्या किमतीने चालावीत अशी पितळ-तांब्याची नाणी काढली. त्यातली काही दौलताबादच्या टांकसाळीतली आहेत. चीनमधल्या कागदी पैशावरून त्याला ही कल्पना सुचली, असं नंतरच्या इतिहासकारांनी लिहिलं. त्याच्या नाण्यावरचं वचन असं, की सुलतानाची आज्ञा पाळणारा ईश्वराचीच आज्ञा पाळतो. लोकांनी घरोघरी तशीच नाणी पाडली, कारण पितळ कोणाकडेही होतं. व्यापार थांबला. इथवर गोष्ट गैखातूचीच. पण पुढे तुघलकाने जे केलं ते गैखातूने केलं नव्हतं आणि त्याबद्दल मी त्याला मान देतो. त्याने खजिना उघडला आणि सांगितलं, पितळी नाणी आणा, सोनंचांदी न्या. खरी आणली त्यांना मिळाली आणि खोटी आणली त्यांनाही मिळाली. तुघलकाबादेत पितळी नाण्यांचे डोंगर साचले, खजिना खंगला, पण सरकारच्या शब्दावर ज्याने ते पितळ घेतलं होतं तो शेतकरी आणि दुकानदार रिकाम्या हाताने घरी गेला नाही.